दोन पॉइंट सात

गौरेशनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला:
आत्या, तुझा दोतोर दोन पॉइंट सात.
पुलापलीकडचा नवा, चार पॉइंट आठ.
तिथं माशांची काचपेटी आहे, थंड हवा आहे,
आणि जो जातो त्याला इंजेक्शन मिळतं.

एकवीस वर्षं कुडचड्याच्या या खोलीत
मी नावं पुकारते. पुड्या बांधायचे दिवस होते
तेव्हा पुड्याही बांधल्या.
लोक मला नर्सबाय म्हणतात. मी नर्स नाही.
माझ्याकडे फक्त कपाटाची चावी आहे
आणि कपाटात, आडनावांच्या क्रमानं,
अर्धा गाव खोकत पडलाय.

रात्री भांडी झाल्यावर सगळं वाचून काढलं.
'मान वर करून बघत नाहीत.'
खरं आहे. नाही बघत.
'दीड तास बसवलं, दोन मिनिटांत घालवलं.'
हेही खरं. तो मंगळवार मला आठवतो.
आतल्या खाटेवर खनिजाच्या ट्रकवरचा क्लीनर होता,
दोतोर बार्रेटो गुडघ्यावर बसून त्याच्या पायातली
तांबडी माती काढत होते, चिमट्यानं, कण कण.
बाहेरच्या बाकावरून ते दिसत नाही.
बाकावरून घड्याळ दिसतं.
'गोळी दिली नाही, पाणी प्या म्हणाले. पाण्याचे दोनशे रुपये.'
इथं मला हसू आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.
लिहिणाऱ्याला ताप तर खराच होता.

आणि सगळ्यात खाली, नाव न देता, एक तारा:
'ह्या माणसानं माझ्या घोवाला मारलं.'

नाव नसलं म्हणून काय, मला तारीख कळते.
आडनाव सांगणार नाही. कप्पाही नाही.
(आणि हे सांगतानाही दोन गोष्टी मी बदलल्यात.)
सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला.
कोंबडी चालून गेल्यासारखं ते अक्षर
आता फक्त मला आणि फार्मसीवाल्याला लागतं.
तीन तारखा, तीन वेळा एकच ओळ:
हॉस्पिसियोत जा म्हटलं. गेला नाही.
खाली, वेगळ्या शाईत:
पेशंट म्हणतो, बायकोला कळता कामा नये.

दोतोर उकडलेलं अंडं सोलत होते.
कागद पुढं ठेवला. म्हटलं, एवढं एक लिहू?
नाव नको, नुसतं एवढंच, की तीन वेळा सांगितलं होतं.
ते अंड्याकडेच बघत म्हणाले,
'कपाट कोणी उघडलं?'
मग, बऱ्याच वेळानं, 'मीठ संपलंय.'

मला राग आला. राग घेऊनच मी दुसरा एक कागद शोधला,
तो मला पाठ आहे. एक पोरगी, पोटदुखी,
'गॅस' लिहून घरी पाठवलेली.
दुसऱ्या रात्री मडगावात आतडं फुटायच्या बेतात कापलं.
वाचली.
त्या घरचे अजून दर चवथीला नेवऱ्या पाठवतात,
दोतोरांच्या हाताला गुण आहे म्हणतात.
दोतोर त्या नेवऱ्या खात नाहीत. मी खाते.
त्यांचा तारा कुठं मोजायचा?
आणि बरे होऊन गेले ते? ते कधी लिहितात,
माणूस काय रोज लिहितो, आज माझं डोकं दुखलं नाही?

गौरेश म्हणाला, मग तूच दे पाच.
बोट पाचव्यावर नेलं.
मग चौथ्यावर.
मग मोबाईल त्याला परत दिला.

परवा रविवारी ती आली. पुलापलीकडे रविवारी बंद.
सातवा नंबर. मी नाव पुकारलं,
रोज पुकारते त्याच आवाजात, निदान तसा प्रयत्न केला.
आतून काही ऐकू आलं नाही. पंखा तेवढा.
एकोणीस मिनिटं लागली. बाहेर आली ती
पदरानं तोंड पुसत, माझ्याकडे न बघता,
आणि सुटे आहेत का विचारलं.

बाकावर नऊजण ताटकळत होते.
त्यातला कडेचा एक, खिशातून मोबाईल काढून,
दातांत ओठ धरून
काहीतरी लिहायला लागला होता.